लेकुरवाळी चिलापी

माझं माहेर तापीच्या काठावर आणि सासर इकडे रनाळ्याच्या अंगाला, म्हणजे पाण्यातून उचलून कोरड्यात ठेवलेली मी. सासरी आले तेव्हा पहिले आठ दिवस अन्न गोड लागलं नाही, का तर कानाला पाण्याचा आवाज नाही. आम्ही भोई लोक. बापाची होडी होती, दोन जाळी होती, आणि गळा असा की या काठावरून हाक मारली की त्या काठावरच्या म्हशी मान वर करायच्या. तुम्ही मराठीत लिहिणार म्हणून मी पण शाळेतलं मराठी बोलते जमेल तेवढं, मध्येच आमची अहिराणी येईल, तिला हाकलू नका. आणि चहा थंड करू नका, मी एकदा लागले की थांबत नाही, अण्णा म्हणतात बाईला पूर आला. अण्णा म्हणजे आमचे मालक. बठ्ठं गाव, म्हणजे सगळं गाव, त्यांना अण्णा म्हणतं, मी पण अण्णाच म्हणते, नवऱ्याचं नाव आम्ही घेत नाही. माझं नाव मात्र लिहा, इंदूबाई. ते का लिहा म्हणते ते पुढे सांगते.

तर बापाचं सांगत होते. बापाचा एक नेम होता, त्याच्या बापाचा पण होता, की लेकुरवाळी मासळी जाळ्यात आली तर ती पाण्याला परत करायची. तुम्ही मरळ मासा पाहिला का कधी पाण्यात? बाजारात पाहिला असेल, तो नाही, पाण्यात. मरळची पिल्लं लाल लाल असतात, घोळका करून वर येतात, कुंकू सांडल्यासारखं पाणी दिसतं, आणि त्या घोळक्याच्या खाली आई-बाप फिरत असतात, बेडूक आला, साप आला, कोणी आलं तर अंगावर जातात. तेव्हा मरळ मारणं भलतं सोपं, कारण ती पिल्लं सोडून पळत नाही. म्हणूनच मारायची नाही, असं बाप म्हणायचा. आम्हा पोरींना तर आईने पक्कं सांगून ठेवलं होतं की लेकुरवाळी मारली की कूस उजवत नाही. खरं-खोटं देवाला ठाऊक, पण लहानपणी कानात गेलेलं निघत नाही हो, काय सांगू तुम्हाला, माझं पुढचं बठ्ठं आयुष्य त्याच्यातच नासलं.

इकडे सासरी नदी नाही, पण तलाव आहे. पाझर तलाव. भोयांची आणि भिलांची मिळून मच्छीमार सोसायटी, तिने तलाव ठेक्याने घेतलेला, अण्णा तिचे चेअरमन, गंज म्हणजे पुष्कळ वर्षं तेच होते. तलावात आम्ही पाळायचो रोहू, कटला, मृगळ. कटला वर खातो, रोहू मध्ये, मृगळ तळाशी, तिघांचं भांडण नाही. पण ही तिघं साचल्या पाण्यात वीत नाहीत, त्यांना वाहतं पाणी पाहिजे, म्हणून दर पावसाळ्याला बी बाहेरून आणायचं. बी म्हणजे बोटाएवढी पिल्लं, हवा भरलेल्या प्लास्टिकच्या पिशव्यांत येतात. पिशवी आली की लगेच सोडायची नाही, तशीच तलावावर तरंगत ठेवायची, आतलं पाणी आणि बाहेरचं पाणी सारखं होऊ द्यायचं, नवी सून उंबऱ्यावर थांबवतात तसं, आणि मग गाठ सोडायची. ते काम अण्णा कोणाला करू द्यायचे नाहीत. मोठा माणूस, सोसायटीचा चेअरमन, पण पिशवीची गाठ सोडताना वाकून एकेक पिल्लू बघायचे.

आणि बी सोडायच्या दिवशी सगळे सभासद पाण्यात गुडघाभर उभे राहून ओंजळ भरून आण घ्यायचे, की या तलावात बाहेरची मासळी टाकणार नाही. पाण्याची आण. का तर आमच्या नात्यातल्या एका गावी कोणीतरी मांगूर टाकली होती, ती परदेशी मांगूर, जी पाळायला सरकारची बंदी आहे, तिने तलाव असा धुऊन खाल्ला की बेडूकसुद्धा राहिला नाही. म्हणून आण. बायकांची आण कोणी घेत नव्हतं. बायका चहा आणायच्या.

आता सुकलालचं सांगते. सुकलाल मालचे, भील, तलावाचा राखणदार. तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, बाभळीखाली त्याची झोपडी, बायको आणि तो. माझ्यापेक्षा दोन-चार वर्षांनी लहान, मला अक्का म्हणायचा. त्याचं असं होतं की रोहू-कटला सोसायटीचे, पण बारीकसारीक मासळी, झिंगे, शिंगटी, वाम, एखादी मरळ, ही तलावाची आपली, कोणी न टाकता होणारी, ती राखणदाराची. तोच त्याचा मेहनताना म्हणा. बायको झिंगे वाळवायची, वर्षभर पुरायचे. माझी रेखा झाली तेव्हा मी अशी आजारी पडले की सासूने आशा सोडली होती, तेव्हा हा माणूस रोज मरळ आणून द्यायचा, म्हणायचा अक्काले हाई शिजाडी द्या, रंगत व्हई. अंगात रक्त येईल म्हणायचा. मी उठले ती त्या मरळवर उठले. हे विसरण्यासारखं आहे का? नाही ना. पण माणूस विसरतो. विसरत नाही, बाजूला ठेवतो.

रेखाला कळसाडीला दिलं. तिकडे ऊस, केळी, कापूस, पाण्याला तोटा नाही, शेतकरी सुखी. तिथल्या एका गुजर पटेलाने शेततळं केलं, काळं प्लास्टिक अंथरलेलं, पाण्यात हवा सोडायचं चक्र, गोळ्यांचं खाद्य, आणि त्यात त्याने टाकली चिलापी. तिलापिया म्हणतात ना, तीच. आमच्याकडे चिलापीच म्हणतात. आधी म्हणे पंगस मासे टाकले होते, पण पंगसला वास फार, लोक नाक मुरडायचे, मग चिलापी. जावई आणि त्याचे भाऊ पटेलाच्या तळ्यातून मासळी काढून द्यायचं काम करायचे.

त्या वर्षी रेखाला सातवा लागला होता. तिसऱ्यांदा दिवस गेले होते. आधीचे दोन चौथ्या-पाचव्यात गेले. दुसऱ्यांदा गेलं तेव्हा ती मला म्हणाली होती, माय, मी काय पाप करं? म्हणून सातव्यात मी तिकडे जाऊन बसले, तिला पाणी भरू देईना, वाकू देईना. आणि त्यातच पटेलाची मासळी काढायची वेळ आली, माणसं कमी पडली, जावई म्हणाला मामी, तुम्ही पण या, जाळं ओढायला तुमच्यासारखा हात नाही. गोड बोलायला कमी नाही आमचे जावई. गेले.

पटेल काठावर खुर्ची टाकून बसलेला. मला म्हणाला, मावशी, सगळा नरच शेतस, एक बी मादी नही. मी म्हटलं असं कसं, पाण्यात काय नुसते नवरदेव राहतात? तो हसला, म्हणाला पिल्लं असतानाच औषधाचं खाद्य देतात, मादीचा पण नर होतो, मग पिलावळ होत नाही, खाल्लेलं बठ्ठं अंगाला लागतं. मला ते ऐकून कसंतरी झालं, पण त्याचं तळं, त्याची मासळी, आपण काय बोलायचं.

जाळं ओढून कडेला आणलं, मी मासे क्रेटमध्ये टाकत होते, हाताला सवय, बघावं लागत नाही. आणि एक मासा हातात घेतला तर त्याचा गळा सुजलेला. तोंड घट्ट मिटलेलं. मी अंगठ्याने जरा उघडलं तर आत पिल्लं. डोळेच डोळे. चिलापीची मादी पिल्लं तोंडात धरते, हे मी ऐकलं होतं, पाहिलं नव्हतं. तोंडात पिल्लं असेपर्यंत ती खात नाही हो, पंधरा-पंधरा दिवस उपाशी राहते, गिळली जातील म्हणून. पटेलाच्या बठ्ठ्या नवरदेवांत एक चुकून बाई राहिली होती, आणि ती लेकुरवाळी.

मी पटेलाला दाखवली. तो म्हणाला फेकी दे बाहेर, नहीते बठ्ठं तळं पिल्लास्नी भराई जाई. त्याचं बरोबरच होतं. त्याच्या जागी तो बरोबर होता. पण मी तिला कशी फेकू? घरी रेखा सातव्यात, आणि मी लेकुरवाळीला उन्हात तडफडत टाकू? माझा हातच उघडेना. मी पदराआड केली, खाद्याचा एक रिकामा डबा होता, त्यात पाणी घेतलं आणि तिला ठेवली. डब्यात गेल्या गेल्या तिने पिल्लं बाहेर थुंकली, गडबडली असेल बिचारी, आणि जरा वेळाने एकेक करून परत तोंडात घेतली. मी बघत बसले. रेखाने पाहिलं तर म्हणाली, माय, तू येडी शे का, हाई डबामा काय लई चालनी? मी म्हटलं तू गप बस, हे घेऊन चालले ते तुझ्याचसाठी.

दुसऱ्या दिवशी मला दोन दिवसांसाठी घरी यायचंच होतं, अण्णांना बरं नव्हतं. डबा मांडीवर घेऊन एसटीत बसले. प्रकाशा गावच्या पुलावर गाडी आली, खाली तापी, मनात आलं इथे उतरावं आणि हिला आपल्या माहेरच्या पाण्यात सोडावी. पण बॅरेज झाल्यापासून तिथे नदी उभी असते, पाणी हिरवं, आणि गाडी काय माझ्यासाठी थांबणार? आणि आपला तलाव आपल्या डोळ्यांसमोर, असं पण वाटलं. येऊन नीट घरी पण गेले नाही, वाटेतच तलाव लागतो. भर दुपार, काळं कुत्रं नाही पाळीवर. सुकलाल बाभळीखाली तोंडावर टॉवेल टाकून पडलेला. मी डबा पाण्यात ठेवला, आतलं-बाहेरचं पाणी सारखं होऊ दिलं, अण्णांसारखंच, आणि तिरका केला. ती गेली. मी हात जोडले आणि म्हटलं, माझ्या लेकीला मोकळी कर.

मला आण आठवली नाही का? आठवली. खोटं कशाला बोलू? पण मनात म्हटलं आण सभासदांची, मी कुठे सभासद. आणि म्हटलं एकच तर मासा. मांगूर थोडीच आहे, गरीब मासळी, गवत-शेवाळ खाणारी. बाईमाणूस स्वतःला पटवायला बसली की किती पटवते! तुम्ही हसताय, हसा.

दोन महिन्यांनी रेखाला मुलगी झाली. चांगली धडधाकट, ओरडून दवाखाना डोक्यावर घेतला. मी तलावाला नारळ फोडला. सुकलाल म्हणाला, अक्का, कसाना नारय? मी म्हटलं नात झाली. त्याने नारळाचा तुकडा घेतला, कपाळाला लावला आणि खाल्ला.

एक पावसाळा गेला, कोणाला काही दिसलं नाही. दुसऱ्या पावसाळ्यानंतर जाळं ओढलं तर त्यात तळहाताएवढी चिलापी. म्हणजे किती, तर रोहू शोधावे लागत होते. त्या मादीची पिल्लं काही औषधाची नव्हती, त्यांच्यात नर पण, माद्या पण, आणि चिलापीला वाहतं पाणी लागत नाही, ती साचल्या पाण्यात, कुठेही, दीड-दोन महिन्यांनी विते. एवढी झाली की कोणालाच खायला पुरेना, म्हणून सगळीच खुजी राहिली. कटल्याचं डोकं मोठं आणि अंग वाळलेलं, दुष्काळातल्या बैलासारखा. आणि शिंगटी, झिंगे, मरळ, ती तलावाची आपली मासळी, ती तर गेलीच. चिलापी गरीब नाही हो. ती दुसऱ्यांची अंडी खाते. मला कुठे माहीत होतं.

सोसायटीची बैठक पाळीवरच झाली. कोणी म्हणालं बगळ्याच्या पायाला चिकटून बी आलं असेल, कोणी म्हणालं बीवाल्याच्या पिशवीत भेसळ असेल. माझा जीव त्या पिशवीला लटकला, म्हटलं देवा, पिशवीच ठरू दे. पण अण्णा म्हणाले, पिशव्या मी माझ्या हातांनी सोडल्या, एकेक पिल्लू पाहिलं, त्यात चिलापी नव्हती. त्यांना खोटं बोलताच येत नाही, तिथेच घात झाला. मग सगळे सुकलालकडे वळले. राखनदार तू, तुन्हा डोया काय करी ऱ्हायंतात? एक तर तू टाकलीस, नाहीतर तुझ्यासमोर कोणी टाकली.

अण्णांनी प्रत्येकाला ओंजळीत पाणी घ्यायला लावलं. एकेक सभासद पाण्यात उतरला, मी टाकली नाही म्हणाला आणि पाणी प्याला. शेवटी सुकलाल. त्याने पाणी घेतलं आणि म्हणाला, मी टाकेल नही, पानी हातमा शे, खोटं बोलस नही. मग कोणीतरी विचारलं, मंग कोनी टाकं? त्याच्या ओंजळीतलं पाणी गळत होतं. म्हणाला, ते माले नका इचारा.

झालं. एवढ्यावर उठले सगळे. म्हणजे तुला माहीत आहे! तू कोणाकडून काहीतरी घेऊन टाकू दिलीस! तो परत तेच म्हणाला, माले नका इचारा. मी चहाची किटली धरून उभी होते, दहा पावलांवर. मनात आलं, त्याने पाहिलं की काय! पण त्याने माझ्याकडे मानसुद्धा वळवली नाही, तेव्हा मी मनाला समजावलं, त्याला काही माहीत नाही, तो घाबरून असं बोलतोय. बायकांना कोणी विचारलं नाही. विचारलं असतं तर मी सांगितलं असतं का? तेव्हापासून हाच प्रश्न मी भाकरी थापताना स्वतःला विचारते आणि रोज वेगळं उत्तर येतं.

अण्णांनी त्याला काढला. राखणदारीवरून पण आणि सोसायटीतून पण. झोपडी मोडली. बायकोने वाळवलेले उरलेसुरले झिंगे एका फडक्यात बांधले, भांडी घेतली, आणि दोघं ऊसतोडीच्या टोळीबरोबर गेली. जाताना आमच्या दारावरून गेले. मी आत होते. मी बाहेर आले नाही.

आठ दिवसांनी अण्णांना सांगितलं. ते जेवत होते. घास ताटात परत ठेवला. म्हणाले, आते काय करशी? सुकलाल ते गया. आणि ताट सरकवून उठले. बस. त्यानंतर आमच्यात तो विषय नाही. पुढच्या निवडणुकीला ते उभे राहिले नाहीत, लोकांनी म्हटलं अण्णा थकले. ते थकले नव्हते. आणि मी का गप्प राहिले सांगू? लोकांना वाटेल नवऱ्याच्या इज्जतीसाठी. ती एक गोष्ट होतीच. पण खरी गोष्ट ही, की मला भीती वाटायची. त्या लेकुरवाळीच्या पुण्याईने माझी नात जगली असं मी धरून बसले होते. आता मी चारचौघांत म्हटलं की ते पाप होतं, आणि तिकडे पोरीला काही झालं तर? असं अडाणी मन आहे माझं, लिहा तसंच. माझ्या नातीच्या जिवासाठी मी दुसऱ्याचं घर मोडू दिलं.

दोन ऊसतोडी झाल्या. नात आता बालवाडीत जाते, तिच्यासाठी मी कळसाडीला गेले होते मागच्या संक्रांतीच्या आधी. गिरणीवरून दळण घेऊन येत होते तर समोरून उसाच्या पाचोळ्याचा भारा घेऊन एक माणूस. भारा खाली टाकला आणि म्हणाला, अक्का, कव्हय उनी? सुकलाल! कधी आलीस विचारत होता, जसं काल भेटलो होतो. हात कोयत्याने चिरलेले, दाढी पांढरी. मी दळण खाली ठेवलं. तोच म्हणाला, बस ना. बांधावर बसलो. त्याने घरच्यांचं विचारलं, अण्णांचं विचारलं, आणि मग म्हणाला, तलावमा मरळ शे का आते?

मी नाही म्हटलं. आणि माझं तोंड सुटलं. म्हटलं सुकलाल, ती चिलापी मी टाकली होती. तो पाचोळ्याची काडी मोडत होता. म्हणाला, माले मालूम शे. मी तुले दखेल व्हतं.

टॉवेलाखालून पाहिलं होतं त्याने. डबा पाहिला, हात जोडलेले पाहिले, नारळ पण त्याला तेव्हाच कळला होता. मी रडायला लागले, म्हटलं मंग तू सांगं काबरं नही? का नाही सांगितलंस? तुझी झोपडी गेली, तुझं गाव सुटलं, एका शब्दाचं काम होतं! मला वाटलं तो म्हणेल अक्का, तू बहिणीसारखी म्हणून. तेच ऐकायचं होतं मला, काय लपवू तुमच्यापासून. तो म्हणाला, तू सांगशी असं वाटनं. आज सांगी, सकाय सांगी, मी वाट दखी ऱ्हायंतू.

एवढंच बोलला. रागाने नाही बोलला. ती वाट पाहिली त्याने, ओंजळीत पाणी धरून उभा होता तेव्हा पाहिली, दारावरून गेला तेव्हा पाहिली, उसाच्या फडात दोन वर्षं पाहिली. मग भारा उचलायला मला हात लावायला सांगितला. मी हात लावला. तो गेला.

घरी आले ती तशीच सोसायटीच्या बैठकीत गेले. अण्णांना सांगितलं मी जाते, ते म्हणाले मी पण येतो, आणि माझ्या शेजारी खाली बसले, खुर्चीवर नाही. मी बठ्ठं सांगितलं, आता तुम्हाला सांगितलं तसं. मला वाटलं होतं लोक शिव्या देतील, थुंकतील. बरं झालं असतं. आताचा चेअरमन हसला. म्हणाला, अक्का, चिलापी नही ऱ्हाती ते आमी काय इकतूत? आता बाजारात चिलापीच चालते हो. काटे कमी, पोरं खातात, ढाब्यावाले नेतात. कोणाला मरळ आठवत नाही. मी म्हटलं ते जाऊ द्या, सुकलालला तुम्ही खोटा ठरवला होता, तो खरा होता, तेवढं तुमच्या ठरावाच्या पुस्तकात लिहा. तर म्हणे जुनं कशाला उकरता, अण्णांची पण इज्जत आहे. अण्णा म्हणाले, माझं नाव घालून लिहा. तरी नाही लिहिलं. पुढचा विषय घेतला, जाळ्यांचा. अण्णा मात्र उठून उभेच राहिले, बैठक संपेपर्यंत, कोणी बसा म्हटलं तरी बसले नाहीत.

मी जावयाच्या हाती निरोप पाठवला, की मी सांगितलं, तू परत ये, राखणदारी मागू. त्याचा उलटा निरोप आला, आते तठे मन्हं काय शे? बरोबरच आहे. तलाव तोच, पण त्यात त्याचं काही राहिलं नाही, जे होतं ते माझ्या डब्यातल्या मासळीने खाल्लं. मी अजून तलावावर जाते, चिलापी विकते पण, पाटी उतरवून बाजारात बसते, नाही कशी म्हणू, पोट आहे. गळा सुजलेली एखादी हाताला लागते. आता मी तिला परत पाण्यात टाकत नाही. आणि पाटीत पण टाकवत नाही. बाजूला ठेवते, बघत नाही.

म्हणून तुम्ही लिहून घेताय म्हटल्यावर मी म्हटलं लिहा. त्यांनी पुस्तकात नाही लिहिलं तर तुम्ही लिहा. सुकलाल मालचे, पूर्ण नाव लिहा, भील लिहा, राखणदार लिहा. इंदूबाई लिहा. आणि लिहून झालं की छापायच्या आधी एक काम करा, देव तुमचं भलं करेल, तुमच्या लेकराबाळांना सुखी ठेवेल. कळसाडीला जा, तो अजून तिथेच आहे. त्याला वाचता येत नाही. त्याला बसवा आणि हे मोठ्याने वाचून दाखवा, पहिल्यापासून, मी किटली धरून उभी होते ते पण, मी घरातून बाहेर आले नाही ते पण. जिथे तो म्हणेल असं नव्हतं, तिथे त्याचं ठेवा आणि माझं खोडा. मी तुमच्याबरोबर येणार नाही. मी समोर बसले तर तो सगळ्याला हो म्हणेल.